फाइलीला लावलेलं स्वप्न

दुपारचं जेवण झालं की जगातल्या निम्म्या लोकांचे डोळे जड होतात आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांचा हेवा वाटतो. तिची नोकरी या दोघांच्या मधली होती. लोकांना झोपवायचं, झोपू द्यायचं आणि वेळ झाली की उठवायचं. काय काम करता असं कुणी विचारलं आणि तिने खरं ते सांगितलं, की समोरचा हमखास म्हणायचा, "वा! आमच्यासाठी पण बघा की एखादी जागा."

"झोपणाऱ्याची आहे," ती म्हणायची, "झोपवणारीची भरलीय."

झोपेवर संशोधन करणारी ती प्रयोगशाळा. लांब व्हरांड्याच्या टोकाला जाड दाराची एक खोली, तीत एक पलंग, करड्या रंगाचे दुहेरी पडदे, आणि भिंतीत एक छोटी काच. काचेच्या पलीकडे दुसरी खोली, तिथे संगणक. माणूस पलंगावर आडवा झाला की ती त्याच्या केसांत बोटांनी भांग पाडायची, जागा पुसून घ्यायची, पांढऱ्या गार पेस्टचा ठिपका द्यायची आणि त्यावर तार लावलेली चकती दाबून बसवायची. एक झाली की दुसरी. हे करताना ती काहीबाही बोलत असायची, आवाज खाली ठेवून, म्हणजे "आता गार लागेल हं," "मान सैल सोडा," असलंच. पण त्या बोलण्यात काय होतं कोण जाणे, निम्मे लोक चकत्या लावून व्हायच्या आतच पेंगायला लागायचे. म्हणून सगळे तिला अंगाईताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच ते सुखात होतं.

माणूस झोपला की पलीकडच्या पडद्यावर त्याच्या मेंदूच्या रेघा उमटायच्या. आधी बारीक, घाईघाईच्या. मग हळूहळू मोठ्या आणि संथ. अंगाईताई खुर्चीत बसून त्या बघत राहायची. बाहेर सगळी दुनिया पळापळ करतेय, आणि आपल्यासमोर एक माणूस निवांत खोल खोल उतरत चाललाय, याचं तिला रोज नव्याने अप्रूप वाटायचं. कधी कधी तिलाही डुलकी लागायची. त्याबद्दल आपण बोलायला नको.

प्रयोग साधा होता. ज्या झोपेत स्वप्न पडतं आणि ज्या झोपेत पडत नाही, त्या दोन्हींच्या रेघांत फरक असतो का, एवढाच प्रश्न. म्हणून माणूस उठला रे उठला की ती विचारायची, "काही दिसत होतं का?" तो मिटल्या डोळ्यांनीच काहीतरी बोलायचा. ते ती संगणकावरच्या एका चौकोनात टाईप करायची. चौकोन भरला म्हणजे स्वप्न पडलं, रिकामा राहिला म्हणजे नाही. प्रोग्रामला तेवढ्याशीच मतलब. शब्द तो ठेवायचा नाही. खिडकी बंद केली की ते गेले.

आता फायलींचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. प्रत्येक झोपेची एक फाइल बनायची आणि तिला नाव ज्याच्या त्याच्या मर्जीने दिलं जायचं. कुणी 'नवीन' म्हणायचं, कुणी 'नवीन-दोन', कुणी 'शेवटची', आणि मग 'खरंच-शेवटची'. व्हायचं तेच झालं. एका शिंप्याच्या झोपेला आणि एका दंतवैद्याच्या झोपेला एकच नाव पडलं, संगणकाने निमूटपणे एकीवर दुसरी लिहिली, आणि शिंप्याची झोप गेली ती गेलीच. प्रयोगशाळेच्या मॅडम एरवी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी म्हणाल्या, "पोरांची नावं तरी नीट ठेवलीयत ना रे तुम्ही?"

शेवटी मॅडमनी ठरवलं की नावं माणसांनी द्यायचीच नाहीत. प्रयोगाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची सोय होती. तीच नाव बनवेल. काम पडलं अंगाईताईवर, आणि शिकवायला भिंगरी. भिंगरी म्हणजे मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी, जागेवर दोन मिनिटं न बसणारी. रेघा वाचून मोजायचं काम तिचं.

"हे बघा ताई, हा माणसाचा क्रमांक. ही तारीख, ही वेळ. मध्ये आडवी रेघ टाकायची आणि सगळं जोडायचं. झालं नाव!"

पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट अडून बसली. वेळ लिहिताना तास आणि मिनिटांच्या मध्ये दोन टिंबं येत होती आणि फाइलीच्या नावाला ती चालत नाहीत. अंगाईताईने टिंबं काढून टाकणारी ओळ घातली, आणि स्क्रिप्ट अशी सुरळीत धावली की ती एकटीच टाळ्या वाजवून हसली. इतकी वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी वापरल्या, आता आपण सांगितलेलं यंत्र ऐकतंय म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

आणि इथेच तिच्या मनात आलं. अरे, क्रमांक जोडता येतो, तारीख जोडता येते, मग चौकोनातले शब्द का नाही? माणूस एवढा खोलवर जाऊन काहीतरी घेऊन वर येतो, आपल्या हातावर ठेवतो, आणि आपण खिडकी बंद करून ते टाकून देतो. तिच्या जिवाला ते लागायचं. तिने आणखी एक ओळ लिहिली: चौकोनातले पहिले तीन शब्द घे आणि नावाच्या शेवटी लाव. तीनच, कारण नावं फार लांब झाली तर बरं दिसत नाही. एका बाईंनी उठताना "कुठे गेली?" म्हटलं आणि प्रश्नचिन्हापायी फाइल जतनच होईना, म्हणून तिने प्रश्नचिन्ह गाळायची ओळही घातली.

मग काय विचारता! फायलींच्या त्या यादीकडे बघत बसायचं तिला वेडच लागलं. क्रमांक, तारीख, आणि पुढे 'पायऱ्या-संपतच-नाहीत'. त्याखाली, पुन्हा झोपायला आलेल्या त्या दंतवैद्याची 'दात-हातात-आला'. त्याखाली 'काहीतरी-निळं-निळं'. एका तरुण सुताराची होती 'मला-पोहता-येत', आणि तिथेच ती तुटायची. पुढे 'नाही' होतं की 'होतं', हे तिला कितीदा तरी आठवून आठवेना. लोक चहाला खाली जायचे तेव्हा ती पडदे ओढून एकटीच यादी वरून खाली वाचायची, अगदी सावकाश. वाचता वाचता कोणतं स्वप्न कुणाचं ते विसरायला व्हायचं. वाटायचं, सगळे एकाच घरात निजलेत आणि हे घर आपण झाडतो, आवरतो. तिचा चहा गार होऊन जायचा.

त्या यादीत तिच्या नवऱ्याचीही एक फाइल होती.

तो बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. प्रयोगाला वयस्क माणसं कमी पडत होती, म्हणून तिने त्याला ओढून आणला. "मला दुपारी झोप लागत नाही, आणि स्वप्नं तर मला जन्मात पडली नाहीत," असं बजावून तो पलंगावर आडवा झाला आणि दुसरी चकती बसायच्या आत घोरायला लागला. काचेपलीकडून भिंगरी पोट धरून हसली. वेळ झाल्यावर अंगाईताईने त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, "काही दिसत होतं का?"

डोळे मिटलेलेच. हात मात्र पोटाजवळ उचललेले, स्टिअरिंग धरल्यासारखे. तो म्हणाला, "खारू, घट्ट धर. वळण आलं."

दार उघडंच टाकून ती पलीकडे गेली आणि ते जसंच्या तसं टाईप केलं.

खारू म्हणजे त्यांची लेक. लहानपणी सुट्टीत बापाच्या बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर, दोन्ही हातांनी दांडा धरून बसायची. आता दूरच्या शहरात नोकरीला होती. बाप निवृत्त झाला त्या दिवशी त्याने शेवटच्या फेरीला ती पुढची सीट तिच्यासाठी राखून ठेवली होती, कुणाला बसू दिलं नव्हतं. खारू आली नाही. त्याच दिवशी तिची नोकरीची मुलाखत होती आणि बापाला सांगायचं धाडस तिला झालं नाही. सीट शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी गेली. त्या दिवसापासून त्याने लेकीचं नाव टाकलं. घरात तिचा विषय निघाला की तो उठून गॅलरीत जायचा. खारूही बापावरच गेलेली. तिने एकदा फोन केला, त्याने घेतला नाही, मग तिनेही हट्ट धरला. ती आईला फोन करायची तो प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं मोठं भांडण, असं तुम्ही म्हणाल. अहो, मोठ्या गोष्टीवरून भांडणारे लवकर मिटवतात.

म्हणून अंगाईताईला ती 'खारू-घट्ट-धर' नावाची फाइल जिवापाड प्रिय होती. नवरा जागेपणी काहीही म्हणो, हा पुरावा होता. पण तो दाखवणार कुणाला? इथे कानावर पडलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम, म्हणून लेकीला सांगता येईना. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, तूच काहीतरी ऐकलंस. त्याने आपण होऊन विचारलं तर गोष्ट वेगळी. ती वाट बघत राहिली. तो काही विचारेना.

आणि मग एके दिवशी बैठकीत भिंगरी उत्साहाने रेघा दाखवत होती. "मॅडम, ही बघा, ही त्या पायऱ्यांवाल्या बाईंची. केवढी धडपड दिसतेय! स्वप्न पडलेलं स्पष्ट कळतंय की नाही?"

मॅडमनी चष्मा काढला. "पायऱ्या? तुला कसं कळलं?"

"फाइलीच्या नावात आहे ना."

अंगाईताईला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं. रेघा वाचणाऱ्याला कुणाला स्वप्न पडलं आणि कुणाला नाही, हे ठाऊकच असता कामा नये; सगळा प्रयोग त्यावर उभा होता. ज्याला आधीच कळलंय, त्याला रेघांत तेच दिसणार. आणि इथे तर फाइल उघडायच्या आधीच तिच्या कपाळावर स्वप्न लिहिलेलं! भिंगरीने एवढे महिने मोजलेलं सगळं पाण्यात गेलं. शिवाय झोपायच्या आधी प्रत्येक माणसाला एक वाक्य वाचून दाखवायचं असायचं: तुम्हाला स्वप्न पडलं की नाही एवढंच आम्ही नोंदवतो, काय पडलं ते ठेवत नाही. ते वाक्य रोज कोण वाचून दाखवायचं? अंगाईताईच. त्याच मऊ आवाजात. आणि पाठ फिरली की ठेवत होती.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते कळतंय मला. पण आपण लोकांना शब्द दिला होता."

त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. ती भिंगरीला म्हणाली, "मला मार एक." भिंगरी रडत होती, तरी म्हणाली, "मीही वाचतच होते की. वाचायला छान वाटायचं."

ठरलं ते असं. मोजणी दुसऱ्या विभागातला, यातलं काही न पाहिलेला माणूस पहिल्यापासून करणार. त्याआधी नवी स्क्रिप्ट लिहून सगळ्या फायलींची नावं बदलायची, नुसते आकडे ठेवायचे आणि शब्द कायमचे पुसायचे. पण शब्द ज्यांचे होते त्यांना आधी फोन करायचा, झालेलं कबूल करून माफी मागायची. कुणाला आपले शब्द बघायचे असतील तर येऊन बघता येतील. फोन करायचे अंगाईताईनेच.

तिने केले. दंतवैद्य हसला आणि म्हणाला, पुसा पुसा, दात रोज बघतो मी. पायऱ्यांवाल्या बाई रागावल्या, आणि ते तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. 'काहीतरी-निळं-निळं' म्हणणारे गृहस्थ मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आले, पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले.

"याच्या पुढे काही नव्हतं का हो?"

"असेल. मी तीनच शब्द घेत होते."

"निळं काय होतं, तेच आठवत नाही," ते म्हणाले आणि हलकेच हसून गेले.

शेवटी घरचा फोन राहिला. नियम म्हणजे नियम. तिने घसा साफ करून नंबर लावला.

"नमस्कार, प्रयोगशाळेतून बोलतेय."

"अगं, तू आहेस होय!"

"हो, पण आत्ता प्रयोगशाळेतून बोलतेय. तुम्ही उठताना जे बोललात ते आमच्याकडून चुकून राहिलंय. आज पुसणार आहोत. तुम्हाला बघायचं असेल तर या." आणि मग आवाज अगदी खाली आणून, "या ना हो. एकदा बघून जा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तो गॅस बंद करून आला. मग म्हणाला, "पुसून टाक," आणि फोन ठेवला.

संपलं. ती संगणकासमोर येऊन बसली. भिंगरी चहा आणायला खाली गेली होती. पडदे ओढलेले होते, पंखा फिरत होता, आणि यादी समोर होती. एक फाइल बाजूला ओढून ठेवायला कितीसा वेळ लागतो? तिने ओढलीही. 'खारू-घट्ट-धर' यादीतून निघून पडद्याच्या कोपऱ्यात एकटीच जाऊन बसली. कुणाला पत्ता लागला नसता. पण मग तिच्या डोळ्यांसमोर तो इस्त्रीचा शर्ट आला, आपले तीन शब्द बघून निमूट निघून गेलेला. दुसऱ्यांचं पुसायचं आणि आपल्या घरचं तेवढं राखायचं? आणि तो तर स्वतःच्या तोंडाने पुसून टाक म्हणालाय. शब्द त्याचा होता, तिचा कधीच नव्हता. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने फाइल परत यादीत टाकली आणि स्क्रिप्ट सुरू केली.

नावं वरून खाली बदलत गेली. पायऱ्या गेल्या, दात गेला, निळं गेलं. पोहणाऱ्याचं अर्धं वाक्य गेलं. शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा व्हावा तशी यादी रिकामी झाली, आणि मागे राहिले ते नुसते आकडे. खारूची फाइल कोणत्या आकड्याखाली गेली हे तिला कळलंही नाही. तसं कळू नये अशीच तर तिने ती स्क्रिप्ट लिहिली होती.

ती घरी गेली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. नवरा गॅलरीत स्टुलावर बसला होता.

"पुसलं?"

"पुसलं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. तुमचं पण."

त्याने मान हलवली. मग बाहेर बघतच म्हणाला, "चुकून राहिलंय म्हणालीस फोनवर, म्हणजे तिला सांगितलंच नव्हतंस तू."

"कुणाला?"

"खारूला."

किती दिवसांनी तो ते नाव घेत होता! तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"मला आठवतंय मी काय बोललो ते," तो म्हणाला. "पलीकडे तू टाईप करत होतीस. टकटक ऐकली मी. म्हटलं, चला, लिहून झालं एकदाचं. आता ही तिला कळवेल, माझ्या तोंडाने सांगायला नको. रोज वाट बघत होतो. तिचा फोन काही येईना. मला वाटलं, तू सांगितलंस आणि तिने ऐकून सोडून दिलं."

"अहो, मला सांगता येत नव्हतं! नियम आहे तसा!"

"ते मला काय माहीत?"

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. हसावं की रडावं? एवढे महिने ती याच्या विचारण्याची वाट बघत होती, आणि हा तिच्या सांगण्याची. आणि तिकडे लेक एकटी, बापाला कठोर समजून बसलेली.

"मग आता?" तो म्हणाला. आवाजात ड्रायव्हरचा रुबाब नव्हता, अगदी घाबरलेल्या मुलासारखा आवाज.

"आता माझ्याकडे काही नाही. सगळं पुसलं. आता जे काय आहे ते तुमच्याकडेच."

तिने पर्समधून आपला फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. मग मुद्दामच उठून आत गेली, आणि आत जाऊन जिवाचा कान करून उभी राहिली. पलीकडे लगेच उचलला गेला.

"बोल गं आई," खारू म्हणाली.

त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. लेक पुन्हा म्हणाली, "आई? ऐकू येतंय का?"

"आई नाही," तो म्हणाला. "मी बोलतोय."